बिनपगारी चिटणीस

लक्ष्मीपूजनाच्या रात्री पेढ्यांवर नव्या वह्या मांडल्या जातात. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, 'श्री'काराची उतरंड लिहिली जाते, झेंडूची फुले वाहतात, लाह्या-बत्ताशांचा नैवेद्य होतो. लहानपणी बाजारपेठेतून हा सोहळा पाहत हिंडताना मला फार गंमत वाटे. पुढे जाणतेपणी एक प्रश्न मनात येऊ लागला. या वहीत ज्यांची नावे चढायची आहेत, त्यांच्या घरी आज काय चालले असेल? तेही लक्ष्मीचीच पूजा करीत असतील. पण त्यांच्या लक्ष्मीचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत, दुसऱ्याच्या अक्षरात आणि बहुधा त्यांना न वाचता येणाऱ्या लिपीत लिहिलेला असे.

या दुसऱ्या वहीचा इतिहास सांगावा असे फार दिवस मनात होते. यात लढाया नाहीत आणि तहही नाहीत. पाच-पंचवीस रुपयांचे कर्ज, त्याची परतफेड, आणि तो हिशेब फुकट लिहिणारी काही माणसे, एवढीच याची सामग्री. तथापि या सामग्रीवर लक्षावधी घरांच्या चुली पेटल्या आहेत आणि काही विझल्याही आहेत.

आपल्याच प्रांतातील एका संध्याकाळपासून आरंभ करू. १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील भीमथडी भागातले सुपे हे बाजाराचे गाव. आसपासचे कुणबी तेथे जमले, सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि एकच मागणी करू लागले: आमचे कर्जरोखे बाहेर काढा. मिळाले ते कागद त्यांनी जाळले. धान्यही लुटले गेले. पण पुढे सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळाच्या ध्यानात आले ते हे, की या दंग्यांचा सारा रोख कागदांवर होता. माणसांच्या जिवावर हात टाकल्याचे प्रकार थोडे. याच्या काही महिने आधी शिरूरकडच्या करडे गावी लोकांनी सावकारांवर बहिष्कार घातला होता. त्यांची शेते कसायची नाहीत, त्यांची हजामत करायची नाही, त्यांचे पाणी भरायचे नाही, असा तो निर्धार होता. सुप्यानंतर ही आग पुणे आणि नगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरली.

असे का व्हावे? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. तिकडचा कापूस विलायतेस मिळेनासा झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. सावकाराने हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळला, आणि त्याच सुमारास सरकारने जमिनीचा सारा वाढवला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्यांचे आयुष्य तीन वर्षांवर आणून ठेवले. कायदा करणाऱ्यांचा हेतू असा की व्याज फार साचू नये. झाले उलटे. दर तीन वर्षांनी सावकार जुने व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेऊ लागला. कुणबी अंगठा उठवी. पुढे फिर्याद होई, प्रतिवादी हजर नसे, एकतर्फी हुकूमनामा निघे आणि बैल दारातून सुटून जात. ज्या कागदावर आपला अंगठा आहे तो कागद काय म्हणतो हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने तो जाळावा यात नवल ते कसले?

१८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशांना मिळाला. पण कायद्याने फार तर सावकाराचा हात धरला. दुसरा हात कोणी पुढे केला नाही. बियाण्याला पैसे हवेतच, बैल मेला तर दुसरा हवाच. सर विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती रानडे यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी पेढीची योजना आखली. हिंदुस्थान सरकारने ती विलायतेस पाठवली, आणि तेथील भारतमंत्र्यांनी ती नाकारली. रोखे जाळून झाले होते, पण नवी वही कोणी उघडायची हा प्रश्न तसाच राहिला.

तो प्रश्न दुसरीकडे काहींनी आधीच सोडवायला घेतला होता. 'गलिव्हरच्या सफरी' आपल्या मुलांनीही वाचल्या आहेत. त्या लिहिणारा जोनाथन स्विफ्ट डब्लिन शहरात मोठा धर्माधिकारी होता. लेखणी अशी जहरी, की भलेभले त्याला वचकून असत. या माणसाने अठराव्या शतकात स्वतःच्या पदरचे ५०० पौंड बाजूला काढले आणि गरीब, उद्योगी कारागिरांना पाच-पाच, दहा-दहा पौंड बिनव्याजी द्यायला सुरुवात केली. तारण काही नाही. दोन शेजारी जामीन हवेत, आणि दर आठवड्याला दोन-चार शिलिंगांचा हप्ता भरायला हवा, बस्स. शेजारी जामीन राहायला तयार होतो तो माणूस ओळखूनच, हे स्विफ्टने नेमके हेरले होते. या कल्पनेतून पुढे आयर्लंडमध्ये कर्जफंड निघाले. १८४० नंतरच्या काळात तेथे असे सुमारे ३०० फंड चालू होते, आणि त्यांचे विश्वस्त गावचे पाद्री व प्रतिष्ठित लोक असत.

पण या कथेचा खरा नायक जर्मनीत सापडतो. फ्रीडरिश विल्हेल्म रायफायसेन. जन्म १८१८, ऱ्हाईन नदीच्या पलीकडील डोंगराळ, गरीब मुलखात. तरुणपणी तोफखान्यात नोकरी केली. डोळ्यांच्या आजाराने ती सोडावी लागली. १८४५ मध्ये तो वायरबुश नावाच्या खेड्याचा आणि आसपासच्या वाड्यांचा कारभारी झाला. पुढच्याच वर्षी पीक बुडाले. १८४६-४७ चा तो हिवाळा त्या मुलखात उपासमारीचा हिवाळा म्हणूनच ओळखला जातो. सरकारकडून पीठ आले, पण ते रोख पैसे घेऊन विकायचे होते. ज्यांच्याजवळ रोकड आहे त्यांना सरकारी पीठ कशाला हवे? रायफायसेनने गावातील सुखवस्तू लोकांना गोळा केले, त्यांच्याकडून पैसा उभा केला, गरिबांना उधारीवर पीठ दिले आणि गावाची भट्टी बांधून भाकरी स्वस्त केली. पीक आल्यावर बहुतेकांनी पैसे फेडले.

नंतरच्या गावी त्याने गुरे घेण्यासाठी कर्ज देणारी संस्था काढली. त्यानंतर १८५४ मध्ये हेडेसडोर्फ येथे परोपकारी मंडळ स्थापले. अनाथ मुलांचे संगोपन, तुरुंगातून सुटलेल्यांना काम, गरिबांना कर्ज, असे सारे काही त्या मंडळाने अंगावर घेतले होते. आणि येथेच त्याला मोठा धडा मिळाला. श्रीमंतांचे औदार्य पहिली दोन वर्षे ताजे असते. मग सभेला येणारे कमी होतात, जबाबदारीच्या सह्या करताना हात आखडतो. मदत घेणाऱ्याला मंडळ परके आणि मदत देणाऱ्यालाही ते ओझे. रायफायसेन धर्मभोळा म्हणावा इतका श्रद्धाळू होता; परोपकारावाचून दुसरा मार्ग आहे हे मान्य करणे त्याला जड गेले. तरी दहा वर्षांच्या अनुभवानंतर, १८६४ मध्ये, त्याने मंडळाची घडीच बदलली. ज्याला कर्ज हवे त्याने सभासद झालेच पाहिजे, आणि संस्थेच्या देण्याला प्रत्येक सभासद आपल्या सर्वस्वासह जबाबदार राहील, असा नियम केला. वरून खाली येणारा पैसा आता आडवा, घराघरांतून फिरू लागला.

त्याचे नियम पाहण्याजोगे आहेत. संस्थेचे क्षेत्र एका गावापुरते असावे, कारण त्यापलीकडे माणूस माणसाला ओळखत नाही. कर्ज कामासाठी द्यावे, उधळपट्टीसाठी नाही. नफा वाटून घेऊ नये; तो न फोडता येणाऱ्या राखीव निधीत टाकावा. आणि कारभाऱ्यांनी पगार घेऊ नये. फक्त हिशेबनिसाला त्याच्या श्रमाचा अल्प मोबदला द्यावा. या शेवटच्या नियमासाठी तो हट्टाने भांडला. कारभाऱ्याला नफ्यातला वाटा मिळू लागला की तो जास्त कर्जे वाटणार आणि कोणाला कर्ज नाकारायला हवे हे विसरणार, असे त्याचे म्हणणे होते.

हा मनुष्य १८६५ मध्ये जवळजवळ आंधळेपणामुळे निवृत्त झाला. पत्नी दोन वर्षांपूर्वीच वारली होती. निवृत्तिवेतन तुटपुंजे, म्हणून त्याने आधी सिगारचा कारखाना काढला, मग द्राक्षमद्याचा व्यापार केला, आणि त्या मिळकतीवर घर चालवून उरलेला सारा वेळ संस्थांना दिला. १८६६ मध्ये त्याचा ग्रंथ निघाला. त्याची पत्रे वाचून दाखवायची, त्याने सांगितलेला मजकूर उतरून घ्यायचा, हे काम थोरली मुलगी आमालिए करी. ती जन्मभर अविवाहित राहिली. १८८८ मध्ये रायफायसेन वारला तेव्हा त्याच्या पद्धतीच्या चारशेहून अधिक संस्था उभ्या होत्या. त्याचे पुतळे झाले. पण या कथेतील पहिली बिनपगारी चिटणीस मला विचाराल तर ती मुलगीच, आणि तिला हे काम हवे होते की नाही हे कोणी विचारल्याचे दिसत नाही.

आता पुन्हा आपल्याकडे येऊ. १८८९ मध्ये सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर या मराठी गृहस्थांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना जमवून 'अन्योन्य सहायकारी मंडळी' काढली. तेव्हा हिंदुस्थानात सहकाराचा कायदाही नव्हता. एकमेकांच्या अडीनडीला एकमेकांचीच शिल्लक उपयोगी पडावी, हा साधा विचार. इकडे मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्याला युरोपातील शेतकी पेढ्या अभ्यासायला सांगितले. १८९५ आणि १८९७ साली त्याचे दोन जाडजूड खंड निघाले. त्यांचे सार एवढेच, की या देशालाही कोणी रायफायसेन शोधून काढावा लागेल. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. एका गावचे दहा जण एकत्र आले तरी संस्था नोंदवता येईल आणि खेड्यातील संस्थेत अमर्याद जबाबदारी राहील, अशी त्याची रचना थेट जर्मनीतून आली होती. दुसऱ्याच वर्षी त्या वेळच्या मुंबई इलाख्यात, धारवाड जिल्ह्यातील गदगजवळच्या कणगिनहाळ गावी, सिद्धनगौडा पाटील यांनी शेतकऱ्यांची पतसंस्था नोंदवली. गावचा पाटीलच पुढाकार घेऊन वही उघडून बसला.

त्यानंतर खेडोपाडी सोसायट्या झाल्या. वही लिहिणारा माणूस गावात शोधू जावे तर पुष्कळ ठिकाणी एकच सापडे: शाळामास्तर. दिवसभर पाढे घ्यायचे आणि सायंकाळी कंदिलाच्या उजेडात सोसायटीचे जमाखर्च लिहायचे. मानधन असले तर नावापुरते. आमच्या पेशाला त्या पिढ्यांनी मिळवून दिलेला मान आम्ही आज खातो आहोत, असे मला पुष्कळदा वाटते.

पण खरे ते सांगितले पाहिजे. स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने देशभरातील खेड्यांच्या कर्जाची पाहणी करविली. तिचा अहवाल १९५४ साली आला. तिच्या मार्गदर्शक समितीवर आपले धनंजयराव गाडगीळ होते. पन्नास वर्षांच्या सहकारानंतर शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा निघाला शेकडा सुमारे ३, आणि सावकारांचा सुमारे ७०. चांगल्या संस्था होत्याच. परंतु पुष्कळ ठिकाणी वरून आलेला पैसा गावातल्या बड्यांच्या घरी मुरत होता. ज्याच्याकडे जमीन त्याला कर्ज. ज्याला जमीन नाही त्याची पत नाही. आणि बायकांचे तर वहीत नावच नाही.

ती नावे कोणी लिहिली? १९७४ मध्ये अहमदाबादेत इला भट यांच्या पुढाकाराने ४,००० कष्टकरी बायकांनी दहा-दहा रुपयांचे भाग घेऊन 'सेवा' बँक उभी केली. भाजी विकणाऱ्या, हातगाड्या ओढणाऱ्या या बायकांना सही येत नव्हती, म्हणून पासपुस्तकावर त्यांचे छायाचित्र लावले. पुढच्या वर्षी मुंबईच्या गिरणगावात प्रेमाताई पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' काढले. गिरणी कामगारांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका वाण्याच्या उधारीत बुडालेल्या असत. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या मुक्तिलढ्यातल्या. त्यांनी या बायकांचे गट केले, एकीला दुसरी जामीन ठेवली आणि त्यांना बँकेच्या दारात नेऊन उभे केले.

त्याच सुमारास बांगलादेशात, १९७४ च्या दुष्काळानंतर, चितगाव विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस शेजारच्या जोब्रा गावी हिंडू लागले होते. बांबूचे स्टूल विणणारी एक बाई त्यांना भेटली. बांबूसाठी ती व्यापाऱ्याकडून पैसे घेई आणि तयार स्टूल त्यालाच, तो म्हणेल त्या भावाने, देई. दिवसभराच्या कामाचे तिच्या हाती काही पैसे उरत. युनूस यांनी आपल्या विद्यार्थिनीला गावभर फिरून अशा लोकांची यादी करायला सांगितले. ४२ नावे निघाली. सर्वांचे मिळून कर्ज ८५६ टका, म्हणजे अमेरिकन चलनात अवघे २७ डॉलर. १९७६ ची ही गोष्ट. त्यांनी ते पैसे खिशातून दिले. बँकेकडे गेले तर साहेब म्हणाले, या लोकांकडे तारण नाही. शेवटी प्राध्यापक स्वतः जामीन राहिले. पुढे पाच-पाच जणींचे गट, आठवड्याचा हप्ता, गावातच भरणारी बैठक, अशी रीत बसली. १९८३ मध्ये त्यातून ग्रामीण बँक झाली आणि २००६ मध्ये युनूस व बँक यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या माणदेशातली कथाही तितकीच मोलाची आहे. म्हसवडच्या बायकांनी चेतना सिन्हा यांच्याबरोबर बँक काढायचे ठरवले. अर्जावर अंगठे पाहून रिझर्व्ह बँकेने तो नाकारला. बायका परत आल्या, रात्री बसून अक्षरे गिरवली, आणि काही महिन्यांनी पुन्हा मुंबईस जाऊन अधिकाऱ्यांना म्हणाल्या की आम्हाला व्याजाचा हिशेब घाला, पाहू कोण आधी करतो. १९९७ मध्ये बँक सुरू झाली. सुप्याच्या कुणब्याने न वाचता येणारा कागद जाळला होता. सव्वाशे वर्षांच्या आत शेजारच्या दुष्काळी मुलखातल्या बायकांनी कागद वाचायचे ठरवले.

येथे लेख संपवता आला असता तर दिवाळीच्या दिवसात बरे झाले असते. परंतु २०१० साली आंध्र प्रदेशात काय झाले हे सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. छोट्या कर्जात परतफेड उत्तम होते हे जगाला कळले, तसा नफ्याचा पैसा त्यात आला. कंपन्या निघाल्या. एकाच बाईला तीन-तीन, चार-चार कंपन्या कर्ज देऊ लागल्या. एकीचे फेडायला दुसरीकडून घ्यायचे. गटातली जामिनकी, जी शेजाराच्या भरवशावर उभी होती, ती शेजाऱ्यांकडूनच पिळवटण्याचे साधन झाली. हप्ता चुकलेल्या बाईच्या दारात गटातल्याच बायका आणून बसवल्या जाऊ लागल्या. आत्महत्यांच्या बातम्या आल्या. त्या ऑक्टोबरात सरकारने वटहुकूम काढला आणि वसुली जवळजवळ थांबली. त्यानंतर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादेत काळजीपूर्वक केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा धंदा आधीच होता त्यांनी तो थोडा वाढवला. पण सरासरी घराचा खर्च काही वाढला नाही. छोटे कर्ज गरिबी घालवते, ही घोषणा खरी ठरली नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी अशाच एका कंपनीत वसुलीला आहे. हुशार, गणितात पहिली येणारी. मागे एकदा भेटली तेव्हा म्हणाली, "गुरुजी, ज्या आळीत मी वाढले तिथेच मला हप्ते मागायला जावे लागते. कोणाच्या घरात काय चालले आहे हे मला ठाऊक असते, म्हणूनच तर साहेबांनी मला तिकडे दिले आहे." मी तिला म्हटले, "मग एखादीचा नवरा आजारी असला तर?" ती म्हणाली, "ते मला कळते, गुरुजी. पण तक्त्यात ते लिहायला रकाना नाही." तिला दोष देण्याचा अधिकार मला नाही, तिच्या पगारावर दोन भावंडे शिकत आहेत.

तिच्या त्या रकान्याचा विचार माझ्या मनातून जात नाही. स्विफ्टच्या दोन जामिनांना तो ठाऊक होता. रायफायसेनने संस्था एका गावापुरती ठेवली आणि कारभाऱ्याला नफ्यापासून दूर ठेवले, ते या रकान्यासाठीच. शेजाऱ्याला शेजाऱ्याची माहिती असते. त्या माहितीने कोणाला कर्ज द्यावे हे जसे कळते, तसेच कोणाला यंदा सवड द्यावी हेही कळते. फुकट काम करणारा माणूस ही दुसरी गोष्ट बोलू शकतो. मात्र अशा माणसाने सगळीच कामे करावीत असे म्हणणे हाही अन्यायच. आमालिएचे आयुष्य आपण पाहिले. वही लिहिण्याचे कष्ट कोणा एकाच्या, विशेषतः एकीच्या, माथी मारून बाकीच्यांनी निश्चिंत होणे बरे नव्हे. ते वाटून घेतले पाहिजेत.

१९९२ मध्ये नाबार्डने पाचशे बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग केला. आता बचत गट नाही असे गाव शोधावे लागेल. आमच्या शाळेतील मुलांच्या आयांचाही एक गट आहे. त्यांच्यात चिटणीसपद दरवर्षी फिरते. यंदा जिची पाळी आहे तिचे शिक्षण चौथीपर्यंतचे. महिन्याची बैठक झाली की ती वही घेऊन माझ्याकडे येते, मी बेरजा तपासतो. गेल्या खेपेस मी तिला एक चूक दाखवली, तेव्हा ती म्हणाली, "ती चूक नाही, गुरुजी. तिच्या पोराला दवाखान्यात ठेवले होते. सगळ्यांनी मिळून तिचा हप्ता पुढल्या महिन्यात ढकलला, म्हणून तिथे कोरे सोडले आहे."

मी पेन्सिलीची खूण पुसून टाकली. या लक्ष्मीपूजनाला ती वही तिच्या घरी पाटावर मांडली जाईल, आणि पूजेला मलाही बोलावणे आहे.